‘पहिल्यांदाच’ म्हणण्याआधी बडोद्याचं कलाभवन बघा

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

मराठी माध्यमातून अभियांत्रिकी शिकवण्याबद्दल आपल्या अंकात आलेला लेख आणि नंतर छापलेली वाचकांची पत्रं, सगळं वाचलं. पत्रांत नेहमीचे दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, देशात हे पहिल्यांदाच होतंय, आता मराठीचे दिवस आले. दुसऱ्याचं म्हणणं, असलं कधी कुठे झालंय का, पोरांचं वाटोळं होईल. म्हणजे याआधी असं काही घडलेलं नाही, यावर भांडणाऱ्यांचंही एकमत आहे. मी बडोद्याचा. दांडिया बाजारात वाढलो, यंत्र अभियांत्रिकी कलाभवनात शिकलो आणि पोटापाण्याची नोकरीही याच शहरातल्या कारखान्यांत केली. तेव्हा हे एकमत मोडणं मला भाग आहे.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ८ राज्यांतल्या १४ महाविद्यालयांना भारतीय भाषांतून बी.टेक. शिकवायची मुभा दिली, भाषा ५, त्यांत मराठीही आली. चांगलं झालं. पण बडोद्यात देशी भाषेतून यंत्रविद्या शिकवणारी कलाभवन ही शाळा १८९० सालीच उघडली होती. तीच पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली. विद्यापीठाच्या कागदांवर आजही ‘कलाभवनासह’ अशी जोड असते, आणि गावात रिक्षावाल्याला विद्याशाखेचं लांबलचक नाव सांगण्यापेक्षा ‘कलाभवन’ म्हटलं की तो गुमान राजमहाल रस्त्याला वळतो.

कलाभवन म्हटलं की मराठी वाचकाला चित्रं काढायची शाळा वाटते. चित्रकला तिथे होतीच. पण तिच्याच शेजारी यंत्रकाम, विणकाम, कापड रंगवणं, सुतारकाम हेही होतं. सुरुवात केली ती प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. जन्म १८६३ चा, सुरतेचा, सुतार घराण्यातला. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकून बडोदा कॉलेजात प्राध्यापक झालेला हा माणूस. वर्गात इंग्रजीतून रसायन शिकवताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. विलायती माल येऊन कारागीर मरतोय. त्याला जगवायचं तर त्याच्या हातातल्या हुन्नरामागचं शास्त्र त्याला समजलं पाहिजे, आणि ते त्याला समजेल अशा बोलीत. त्यांची नजर जर्मनीकडे होती, इंग्लंडकडे नव्हे. हेही त्या काळात साधं नव्हतं.

राजा सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, दत्तक येऊन गादीवर बसलेला. त्यांच्याविषयी मी भक्तिभावाने लिहिणार नाही, आमच्या बडोद्यात तसं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण संस्थानाला यंत्रं जाणणाऱ्या माणसांची गरज होती, हा व्यवहार त्यांना कळत होता. डभोई ते मियागाम ही देशातली पहिली अरुंद मापाची रेल्वे बडोदे संस्थानाची. १८६२ मध्ये ती धावली तेव्हा डबे बैल ओढत होते, इंजिनं नंतर आली. मग सरकी काढायचे कारखाने आले, आजव्याचं धरण आणि त्यावरून शहराला नळाचं पाणी आलं. ही सगळी यंत्रं चालवायला, दुरुस्त करायला माणसं कुठून आणायची? मुंबईहून गोरा फोरमन आणायचा तर त्याचा पगार दिवाणाच्या पगाराशी भांडायचा.

त्याआधीच्या शाळा बघा. रुडकी १८४७ ची, आपलं पुण्याचं इंजिनिअरिंग १८५४ चं. पुण्याची शाळा निघाली ती सरकारी बांधकाम खात्याला ओव्हरसियर पुरवायला. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्हीजेटीआय निघाली. तिचा एल.एम.ई. हा यंत्रकामाचा पदविका अभ्यासक्रम गिरण्यांत आणि कारखान्यांत फार मानाचा होता. आमच्या पिढीपर्यंत ‘ते एल.एम.ई. आहेत’ असं सांगितलं की समोरचा खुर्चीतून जरा सरकून बसायचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथेच यंत्ररेखन शिकवत होते, आणि बढतीच्या वेळी डावललं गेलं म्हणून बाहेर पडले, हे मराठी माणसाला पाठ आहे. या दोन्ही संस्था थोरच. पण दोन्हींकडे इंग्रजी आलं तरच दार उघडायचं. सुताराचा, लोहाराचा मुलगा दाराशीच थबकायचा.

गज्जरांनी उलट बाजूने सुरुवात केली. आधी पुस्तकं. त्यांनी तांत्रिक शब्दांच्या बहुभाषी कोशाचं काम हाती घेतलं, आणि सयाजी ज्ञानमंजूषा नावाची पुस्तकमाला सुरू केली. तिच्यासाठी महाराजांनी संस्थानाचा पैसा दिला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ही पुस्तकं मुख्यतः गुजरातीत होती. राजा मराठी, दरबार मराठी, पण रयत गुजराती, आणि कारागीर रयतेतला. म्हणून मराठीच्या नावाने हे श्रेय आपण ओढून घेऊ नये. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली मराठी मुलं गुजराती शाळेतल्या मुलांच्या शेजारी बसूनच शिकली, दोन्ही भाषा तोंडात घेऊन. आम्हीही तसेच शिकलो.

या शाळेतून कोण बाहेर पडलं? दादासाहेब फाळके तिथे होते. फाळके म्हणजे सिनेमा, एवढंच आपण धरतो. पण १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, त्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं. कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. ते यंत्र दादरच्या घरात लावून, हाताने चालवून ज्याने पहिला चित्रपट काढला, त्या माणसाने चित्र, छायाचित्र आणि यंत्र एकाच छपराखाली पाहिलेलं होतं. तीन रंगांची छपाई शिकायला त्यांना रतलामला पाठवणारेही गज्जरच. पुढे बडोद्यात १९०७ साली निघालेल्या अलेम्बिक या रसायनांच्या कारखान्यामागेही गज्जर आणि त्यांच्या तालमीतले कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन होते. अहमदाबाद-मुंबईच्या गिरण्यांच्या रंगशाळांत आणि इंजिनघरांत कलाभवनची माणसं गेली, ती तर वेगळीच. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

स्वतः गज्जर मात्र कलाभवनात टिकले नाहीत. त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत कारागिरांच्या शाळा आणि त्यांच्या शिरावर कलाभवन, अशी उतरंड हवी होती. संस्थानच्या कारभाऱ्यांशी त्यांचं जमलं नाही. १८९६ च्या सुमारास ते मुंबईला गेले, तिथे रसायन शिकवलं, स्वतःची प्रयोगशाळा काढली. तिथला एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. मुंबईच्या फोर्टमध्ये व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. तो बसवण्याचा खर्च बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी दिलेला. १८९६ साली चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं. साहेबाच्या तज्ज्ञांनी हात टेकले. डाग काढला तो गज्जरांनी. म्हणजे पुतळ्याचे पैसे बडोद्याचे, डांबर पुण्याचं आणि सफाई पुन्हा बडोद्याची. हा पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत आहे. गज्जरांविषयी मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, याचं मला नवल वाटतं. डाग काढून त्यांनी इंग्रजांची चाकरी केली असं कुणी म्हणेल. मला त्यात एका रसायनतज्ज्ञाचा हट्ट दिसतो. कुणाला जमत नाही म्हटलं की करून दाखवायचं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९४९ साली विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, कलाभवन त्यात विलीन झालं. पदवी आली, मान आला, आणि पदवी आली ती इंग्रजीतून. जवळपास त्याच वेळी दुसरीकडेही हेच झालं. मराठवाड्यातल्या वाचकांना ठाऊक असेल, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून सगळं शिक्षण उर्दूतून होतं, पुढे अभियांत्रिकीसुद्धा. त्यासाठी आधी भाषांतराचं खातं उभारलं, मग विद्यापीठ उघडलं. १९४८ नंतर तिथेही इंग्रजी आली. संस्थानिकांच्या अमलात देशी भाषेतून तंत्रशिक्षण चालत होतं आणि स्वराज्य आलं तेव्हा ते बंद पडलं. आपण संस्थानिकांना नुसते हत्ती-घोडे आणि दागिने यांवरून ओळखतो, म्हणून ही गोष्ट अवघड जाते.

मी कलाभवनात होतो साठच्या दशकात. वर्गात इंग्रजी, वर्कशॉपमध्ये गुजराती-मराठी. हा फरक मी जवळून पाहिला आहे, आणि आजच्या वादात तो कुणीच बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या लोहारकामाच्या शेडमध्ये एक मास्तर होते. इंग्रजीचा गंध नाही. पहिल्या वर्षाला छिन्नी करायचं काम असे. आठ बाजूंच्या पोलादी सळईचा तुकडा घ्यायचा, भट्टीत लाल करून ऐरणीवर टोक चपटं करायचं, कानसीने घासून धार काढायची. इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी परीक्षा पाणी देताना. छिन्नीचं टोकाकडचं दोन इंच भट्टीत लाल करायचं, त्यातलं फक्त एक इंच पाण्यात धरायचं, आणि लगेच बाहेर काढून टोकावरची काळी पापडी दगडाच्या तुकड्याने घासून टाकायची. पोलाद लखलखीत दिसू लागतं. मागच्या भागात अजून धग असते, ती टोकाकडे सरकते, आणि तिच्याबरोबर रंग सरकतात. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागून निळा. हे सगळं काही क्षणांत. जांभळा रंग धारेपर्यंत आला की अख्खी छिन्नी पाण्यात. पिवळ्यावरच बुडवली तर पहिल्याच घणाला धारेचा टवका उडतो. निळ्यापर्यंत थांबलात तर धार मऊ पडते, लोखंडावर मारली की वळते. मास्तर मुलाच्या खांद्यामागे उभे राहून फक्त एवढंच म्हणत, ‘जो, जांबली आवे के तरत बोळी दे.’ मराठी मुलाला मराठीत, ‘जांभळा आला रे आला की बुडव, विचार करू नकोस.’

दुसऱ्या वर्षी धातुशास्त्राच्या तासाला फळ्यावर लोह-कार्बनचा आलेख आला. सर इंग्रजीत मार्टेन्साइट, टेम्परिंग, अंतर्गत ताण असं सांगत होते. अर्धा वर्ग वहीत उतरवून घेत होता, अर्थ कुणालाच लागत नव्हता. माझ्या शेजारचा मुलगा मराठी शाळेतून आलेला, इंग्रजीला थरथरणारा. त्याने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, ‘अरे, ही तर मास्तरांची छिन्नी.’ त्या क्षणी त्याला तो आलेख समजला, मलाही समजला. पेपरात मात्र त्याला ते इंग्रजीत मांडता आलं नाही. तो त्या विषयात गटांगळ्या खाऊनच वर आला. नोकरीत त्याच्यासारखा टूलरूम सांभाळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यावरून माझं म्हणणं असं की मराठीतून शिकवायला अडचण परिभाषेची नाही. सध्याचा निम्मा वाद शब्दांवरून चाललाय, अमुक शब्द फार संस्कृत, तमुक फार इंग्रजी. अहो, कारखान्यात कामगार लेथवर जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, बांधतो, कट घेतो, सेंटर काढतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन सगळं मराठीतच सांगतो. त्याचं अडत नाही. अडतं ते तेव्हा, जेव्हा पुस्तक कारखाना न पाहिलेल्याने लिहिलेलं असतं. मग ते मराठीत असो की इंग्रजीत, मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

नंतरच्या काळात माझ्याकडे नव्या मुलांच्या मुलाखतींचं काम आलं. पदवी घेऊन आलेली, चांगल्या गुणांची मुलं. मी एकच प्रश्न विचारायचो: ड्रिल मारताना भोक तिरकं का जातं? खरंतर चार कारणं आहेत. धार दोन्ही बाजूंना सारखी नसते, सेंटर पंच नीट मारलेला नसतो, जॉब हलतो, स्पिंडल झिजलेला असतो. आयटीआयचा पोरगा ही चारही कारणं बोटांवर मोजायचा, मराठीत. पदवीवाला ताणाचं समीकरण मांडायचा. मला त्यांची कीव यायची असं नाही, त्यांना समीकरण येतं हे चांगलंच होतं. पण त्यांना कुणी भट्टीजवळ उभं केलेलं नव्हतं. वर्कशॉपचे तास ‘जर्नल पूर्ण करायचे’ तास झाले होते. एकाने केलेला जॉब दहा जण दाखवून सही घ्यायचे.

म्हणून मराठी माध्यम सुरू करणाऱ्यांनी गज्जरांचा क्रम बघावा, अशी विनंती आहे. त्यांनी आधी कारागीर नजरेसमोर ठेवला, मग त्याच्यासाठी पुस्तकं लिहून घेतली, मग शाळा काढली. आज आपण आधी प्रवेश देतो, मग इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करायला देतो, आणि वर्कशॉप राहतं तिथेच, कुलपात. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला मराठीतून तेच कोरडं पुस्तक द्यायचं असेल तर त्याचा फायदा एवढाच, की त्याला काही कळत नाही हे त्याला लवकर कळेल.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली विद्यापीठाला आणि बडोद्यातल्या मराठी मंडळींना. सयाजी ज्ञानमंजूषेतली यंत्रकाम, रंगकाम, सुतारकामाची जी पुस्तकं बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत आणि हंसा मेहता ग्रंथालयात सापडतील, ती स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावीत. सेंट्रल लायब्ररी १९१० पासूनची, अमेरिकेहून बोलावलेल्या बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाने लावून दिलेली. त्यातली पुस्तकं गुजरातीत असली तरी यंत्राची आकृती पाहून मराठी मुलाला अर्थ लागेल, आणि भाषांतर करणाऱ्याला आपल्याकडे आधी काय झालं होतं याचा नमुना मिळेल. दुसरी मागणी महाराष्ट्रातल्या त्या महाविद्यालयांना, जिथे मराठी माध्यम चालू आहे किंवा होऊ घातलंय. वर्कशॉपचं पुस्तक प्राध्यापकांकडून लिहून घेऊ नका. निवृत्तीला आलेला एक चांगला फिटर, एक टर्नर, एक ओतकामाचा माणूस आणि एक वेल्डर बोलवा. त्यांना बोलू द्या, कुणीतरी लिहून घ्या, प्राध्यापकांनी त्यामागचं शास्त्र तपासून जोडावं. मानधन मात्र प्राध्यापकाइतकंच द्या. नाहीतर ते येणार नाहीत, आणि न आले तर त्यांचं बरोबरच असेल.

माझ्याकडे लोहारकामाच्या शेडमधली जुनी वही आहे. मास्तर जे बोलत ते मी तसंच उतरवत असे, गुजराती-मराठी सरमिसळ, मधे मधे छिन्नी, घण, सांडशी यांची हाताने काढलेली चित्रं. कुठल्या महाविद्यालयाला पुस्तक करताना ती उपयोगी वाटली तर आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे. येऊन झेरॉक्स काढून न्यावी. मूळ वही देणार नाही.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता
दांडिया बाजार, बडोदे